पाणवठा आणि लोकशाही

लोकशाहीचा विषय निघाला म्हणजे आपली दृष्टी सहजच दिल्लीकडे वळते. लोकसभा, निवडणुका, मंत्रिमंडळे, विरोधी पक्ष ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव त्या विषयाला जोडले की राज्यघटनेचा ग्रंथ आठवतो. यात गैर काही नाही. परंतु बाबासाहेबांचा लोकशाहीविषयीचा विचार नीट समजून घ्यावयाचा असेल तर आरंभ दिल्लीपासून करून भागणार नाही, असे आम्हांस वाटते. तो महाडच्या तळ्यापासून करावा लागेल. लोकशाहीला वेळ किती लागतो आणि तो वेळ कोणाच्या खात्यातून खर्ची पडतो, याचा हिशेब त्यांना घटनेचा मसुदा करण्यापूर्वी कित्येक वर्षे त्या तळ्याच्या काठी मांडावा लागला होता.

प्रथम वस्तुस्थिती सांगू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा वापर करण्यास अस्पृश्य वर्गास मुभा असावी, असा त्याचा आशय होता. सरकारने त्याप्रमाणे खात्यांना हुकूम धाडले. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपल्या ताब्यातील चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदोपत्री प्रश्न मिटला.

प्रत्यक्षात तीन वर्षे काहीही घडले नाही. तळ्याभोवती स्पृश्य हिंदूंची घरे होती. मुसलमान आणि ख्रिस्ती मंडळींना तेथले पाणी नेण्यास आडकाठी नव्हती. गुरेढोरे तेथे पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसास मात्र काठावर जाण्याची हिंमत होत नव्हती. ठराव होता, हुकूम होता, नगरपालिकेची संमती होती. नव्हती ती फक्त शेजाऱ्याची संमती. बाबासाहेबांच्या सर्व राजकीय विचारांचे बीज या एका ओळीत आहे असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या कार्यकर्त्यांचा तिच्यामागे हात होता. यांतील काही मंडळी स्पृश्य समाजातील होती, ही गोष्ट विसरता कामा नये. परिषदेला जमलेल्या लोकांना पिण्यासाठी पाणी हवे होते. ते स्पृश्यांकडून ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले. तळे गावात, ठराव दप्तरात आणि पाणी बाजारात, असा तो देखावा होता. परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांच्या उच्च पदव्या आणि बॅरिस्टरी त्यांच्यापाशी होती; नुकतीच मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूकही झाली होती. ज्या सभागृहाने पाणवठे खुले केले त्याच सभागृहाचा एक सभासद २० मार्चला आपल्या बांधवांसह तळ्याकडे पायी चालत गेला आणि ओंजळीने पाणी प्याला. त्याच्यामागोमाग शेकडो लोक प्याले.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेहून परतणाऱ्या, जेवणाच्या पंगतीत बसलेल्या लोकांवर लाठ्यांनी हल्ला झाला. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्या दिवशी महाडात अस्पृश्य समाजातील लष्करातून निवृत्त झालेली माणसेही होती. प्रतिकार करावयाचे मनात आणले असते तर गाव रक्ताने माखले असते. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरले. त्यांनी हात उगारू दिला नाही. फिर्याद नोंदविली आणि न्यायालयात दाद मागितली. इकडे स्पृश्यांनी दूध, दही, शेण, गोमूत्र यांचे घडे ओतून तळ्याची शुद्धी केली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

आता आपण त्या प्रसंगाकडे येऊ, की जो आम्हांस पहिल्या प्रसंगाहूनही अधिक विचार करण्यासारखा वाटतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा परिषद भरावयाची होती आणि या खेपेस रीतसर सत्याग्रह व्हावयाचा होता. परिषदेला जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने ती दिली. परिषदेच्या तोंडावर, १२ डिसेंबरला, काही स्पृश्य रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे हे सार्वजनिक नसून स्पृश्यांच्या खाजगी मालकीसारखे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ तारखेला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्यामुळे २५ डिसेंबरला जे हजारो लोक गाठोडी बांधून, पायपीट करून महाडला आले, त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये आता लाठ्यांऐवजी कायदाच उभा होता.

त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. विषमतेला धर्माचे बळ देणारा ग्रंथ भर सभेत, ठराव करून जाळण्यात आला. लोकांचा उत्साह एवढा की तुरुंगात जाण्यास तयार असलेल्यांनी हजारोंनी नावे नोंदविली. जिल्हाधिकारी सभेत येऊन मनाई हुकूम न मोडण्याचा सल्ला देऊन गेले, तरी सभा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. अशा वेळी पुढाऱ्याला दोनच गोष्टी सोप्या असतात. लोकांच्या संतापावर स्वार व्हावे, किंवा सरकारचे नाव पुढे करून अंग काढून घ्यावे. बाबासाहेबांनी तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट केली. आपले भांडण सरकारशी नाही, न्यायालयाशी नाही, ते आपल्याच हिंदू बांधवांशी आहे. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह स्थगित ठेवावा, असे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. लोकांनी ते मानले. मिरवणुकीने ते तळ्याभोवती फिरले आणि पाण्याला न शिवता परत गेले.

उन्हातान्हातून आलेली, तहानलेली, आपला हक्क आहे हे पुरते ठाऊक असलेली हजारो माणसे पाण्याच्या काठाने चालत गेली आणि कायद्याचा मान राखून मागे फिरली. आपण ज्याला सनदशीर मार्ग म्हणतो त्याची किंमत येथे दिसते. पुस्तकात तो शब्द फार स्वस्त आहे.

दाव्याचे पुढे काय झाले? मनाई हुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला. परंतु मूळ दाव्याचा निकाल लागण्यास १९३१ साल उजाडले. महाडच्या न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने दिला. वादी ठाण्याला अपिलात गेले. १९३३ मध्ये तेथेही हरले. मग ते मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अखेरचा निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आलेली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, असे ठरले आणि अपील फेटाळले गेले. पहिली ओंजळ घेतल्याला तेव्हा दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस कमी होते.

या दहा वर्षांना आम्ही चिकाटी म्हणतो. परंतु चिकाटीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. एकच दार आयुष्यभर ठोठावीत बसणे म्हणजे चिकाटी नव्हे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि मोठ्या निर्धाराने तो काही वर्षे चालला. १९३४ साली बाबासाहेबांनीच दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून तो थांबविण्याचा विचार कळविला. देवळात शिरल्याने दलित वर्ग सुटेल असे त्यांना कधीच वाटले नव्हते. त्या वर्गात चैतन्य यावे, त्याला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा हेतू होता. तो साधला असल्यामुळे आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी, असे त्यांचे मत झाले. पुढल्याच वर्षी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. टीकाकारांनी याला धरसोड म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. साधन बदलले, साध्य बदलले नाही. शेतकरी एका विहिरीला पाणी लागेना तर दुसरीकडे खणतो. त्याने शेती सोडली असे कोणी म्हणत नाही.

हे साध्य कोणते? येथे बाबासाहेबांच्या लोकशाहीच्या कल्पनेकडे वळले पाहिजे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले, भाषणाचा मजकूर पाहिल्यावर मंडळ कचरले, आणि परिषद रद्द झाली. न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. जातिसंस्थेचे उच्चाटन हा त्याचा विषय. लोकशाही हा केवळ राज्यकारभाराचा एक प्रकार नव्हे. ती मुख्यतः एकत्र जगण्याची, एकमेकांच्या अनुभवात वाटेकरी होण्याची रीत आहे, असा विचार त्यांनी त्यात मांडला. कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्यापाशी ते शिकले त्या प्राध्यापक जॉन ड्यूई यांच्या विचाराची छाया यावर आहे, हे उघड आहे. परंतु ड्यूईंना ही गोष्ट तत्त्वज्ञान म्हणून सुचली. त्यांच्या या शिष्याला ती लहानपणी शाळेत तहान लागली असता कळली होती. ज्या समाजात एकाच्या स्पर्शाने दुसऱ्याचे पाणी बाटते, त्या समाजात मते मोजता येतील, पण लोकशाही नांदणार नाही. तेथे बहुमत म्हणजे मतांचे मोठेपण नव्हे. जन्माने ठरलेली संख्या एवढाच त्याचा अर्थ उरतो.

याच विचाराचा दुसरा पदर पुण्यात उलगडला, आणि तो आपणांस विशेष जवळचा आहे. महाराष्ट्रात वसंत ऋतूतील व्याख्यानांची परंपरा ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, त्यांच्या एकशे एकाव्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी डेक्कन सभेने बाबासाहेबांना गोखले स्मारक मंदिरात व्याख्यानास बोलाविले. रानड्यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण ते स्तोत्र नव्हते. १८९५ साली पुण्यास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले असता सामाजिक परिषदेला राष्ट्रसभेचा मंडप मिळू नये म्हणून केवढे काहूर उठले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक आधी, या वादात रानडे हरले असे तेव्हा दिसले. बाबासाहेबांनी त्या वादाचा निकाल जणू पुन्हा तपासला. त्यांच्या म्हणण्याचे सार असे की, हक्कांचे रक्षण कायदा करतो हा भ्रम आहे. ते समाजाची नैतिक जाणीव करते. समाजाने हक्क मानले तर कायदा त्यांना आधार देतो. समाज विरोधात उभा राहिला तर कायदा, न्यायालय, कायदेमंडळ सारे लटके पडतात. आम्हांस हे वाचताना चवदार तळ्याची आठवण होते. १९२३ चा ठराव आणि १९२७ च्या लाठ्या यांच्यामध्ये जे रिकामे अंतर होते, त्याचेच हे वर्णन आहे.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. कायद्यापेक्षा समाजाचे मन मोठे, असे ज्याचे मत, त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे कायदे करण्यात का घालविली? १९२८ साली सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार का मागितला? २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली तेव्हा प्रकृती साथ देत नसताना तिचे अध्यक्षपद का पत्करले? घटनापरिषदेचे काम जवळजवळ तीन वर्षे चालले. सात हजारांवर दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहापुढे आल्या. त्यांना कलमामागून कलम उत्तरे देत बसण्याची चिकाटी कशासाठी?

याचे उत्तर आम्हांस असे दिसते. समाजाचे मन आपोआप बदलत नाही; त्याला बदलावयास लावणारे काहीतरी बाहेर उभे असावे लागते. कायदा हे ते काहीतरी होय. महाडच्या लोकांना ओंजळ पुढे करण्याचे बळ आले ते ठरावामुळे. ठराव नसता तर ते दंडेली ठरले असते. कायदा पाणी देत नाही, परंतु पाणी मागणाऱ्याला गुन्हेगार ठरू देत नाही. हे थोडे नव्हे. म्हणूनच घटनेच्या पंधराव्या कलमात समतेचे तत्त्व सांगून झाल्यावर विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही नावे घेऊन कोणाही नागरिकास तेथे मज्जाव करता येणार नाही, असे लिहिले गेले. जगातील मोठमोठ्या राष्ट्रांच्या मूलभूत कायद्यांत विहिरी-तलावांचा असा उल्लेख सहसा आढळावयाचा नाही. एखाद्या परक्या पंडितास ते शोभत नाही असे वाटेल. परंतु ज्याला बोले यांचा १९२३ चा ठराव आठवतो, त्याला ते शब्द ओळखीचे वाटतात. एका प्रांताच्या कायदेमंडळाचा ठराव सत्तावीस वर्षांनी राष्ट्राचा मूलभूत कायदा झाला होता.

घटनेच्या प्रास्ताविकातही असाच एक शब्द आहे, बंधुता. घटनापरिषदेच्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. मसुदा समितीने तो घातला. स्वातंत्र्य आणि समता ही कायद्याने देता येण्यासारखी आहेत. बंधुता कायद्याने देता येत नाही. मग ती तेथे कशाला? आम्हांस वाटते, आपल्या ग्रंथाची मर्यादा कोठे आहे हे ग्रंथकर्त्याने पहिल्याच पानावर नोंदवून ठेविले आहे. पुढले काम तुमचे, असा त्याचा अर्थ.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनापरिषदेत त्यांनी जे समारोपाचे भाषण केले, त्यात अभिमानापेक्षा काळजी अधिक आहे. त्यांनी तीन इशारे दिले. पहिला असा की, आता सनदशीर मार्ग मोकळे झाले आहेत, तेव्हा रक्तरंजित मार्ग तर सोडावेतच, परंतु असहकार, कायदेभंग, सत्याग्रह हेही सोडावेत. ती अराजकाची वाट आहे. दुसरा असा की, कोणी कितीही थोर असो, त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये. हा जॉन स्टुअर्ट मिलचा सावधगिरीचा शब्द त्यांनी स्मरून दिला, आणि धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणात ती अधःपाताकडे व हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले. तिसरा असा की, राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये. तिच्या तळाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात प्रत्येकाचे मत सारख्या मोलाचे होईल, परंतु समाजात आणि अर्थव्यवहारात माणसांचे मोल सारखे असणार नाही. हा विसंवाद किती काळ चालू देणार, असा त्यांचा प्रश्न होता. तो लवकर दूर केला नाही तर विषमतेने पोळलेले लोकच कष्टाने उभारलेली ही इमारत उडवून देतील, असेही त्यांनी सांगितले.

पहिला आणि तिसरा इशारा नेहमी वेगवेगळे वाचले जातात. ज्यांना शांतता हवी असते ते पहिला सांगतात. ज्यांना क्रांती हवी असते ते तिसरा. महाडच्या पुढाऱ्याने सत्याग्रह सोडा असे सांगावे, याचेही पुष्कळांना नवल वाटते. परंतु हे दोन इशारे एकाच माणसाने एकाच भाषणात दिले आहेत आणि ते एकत्रच वाचले पाहिजेत. त्यांचा जो अर्थ आम्हांस लागतो तो असा. ज्याच्यावर अन्याय होतो तो जेव्हा हाती दगड न घेता अर्ज घेतो, तेव्हा तो समाजाला काहीतरी उसने देत असतो. तो आपला धीर उसना देतो. महाडला तळ्याभोवती फिरून परतलेल्या लोकांनी दहा वर्षांचा धीर उसना दिला. हे कर्ज आहे, दान नव्हे. ज्यांनी ते घेतले त्यांनी ते फेडावयाचे असते. धीर धरा असे सांगण्याचा अधिकार त्यालाच, जो फेडीची तयारी ठेवतो. सनदशीरपणाचा उपदेश पीडितांना करावा आणि सुधारणेची गोष्ट निघाली की अजून वेळ आली नाही म्हणावे, ही सावकाराला बुडविण्याची रीत झाली.

हे कर्ज कसे रखडते याचा अनुभव बाबासाहेबांना स्वतंत्र भारतातही आला. हिंदू कायद्याच्या संहितेचे विधेयक त्यांनी कायदामंत्री म्हणून वर्षानुवर्षे पुढे रेटले. स्त्रीला वारसा, घटस्फोट, दत्तक यांत न्याय्य हक्क मिळावेत, विवाहात जातीची अट राहू नये, असा त्याचा रोख होता. विधेयक लांबत गेले, तुकडे पडत गेले, आणि अखेर बाजूस ठेवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकार सोडले, संसद सोडली नाही, घटनेचा मार्गही सोडला नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत ते पराभूत झाले. ज्याने प्रत्येक प्रौढास मत मिळावे म्हणून एक तप आणि त्याहून अधिक काळ झगडा केला, त्याला त्याच मताने नाकारले. ते राज्यसभेत गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. हिंदू संहितेतील विवाह, वारसा आणि अज्ञान-पालकत्व हे कायदे १९५५-५६ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत झाले. दत्तक व पोटगीचा चौथा कायदा झाला तो २१ डिसेंबर १९५६ रोजी. ६ डिसेंबरला ते निवर्तले होते.

पहिल्या पराभवाच्या वर्षीच, २२ डिसेंबर १९५२ रोजी, पुण्यात वकील मंडळींपुढे त्यांनी लोकशाही यशस्वी होण्यास काय काय लागते याचे विवेचन केले. लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्तपाताविना क्रांतिकारक बदल घडवून आणणारी राज्यपद्धती, ती लोकशाही, अशी त्यांची व्याख्या होती. मग त्यांनी अटी सांगितल्या. समाजात टोकाची विषमता नको. समर्थ विरोधी पक्ष हवा. कायद्यापुढे आणि कारभारातही सर्व समान हवेत. घटनेचे शब्दच नव्हे तर तिची नीती पाळली जावी. बहुमताने अल्पमताची गळचेपी करू नये. समाजात नीतीची घडी असावी. आणि शेवटी, लोकांपाशी सार्वजनिक सदसद्विवेक असावा. घटनेच्या नीतीचे उदाहरण म्हणून त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टनचे दिले. लोक पुन्हा पुन्हा तोच अध्यक्ष हवा म्हणत असता, राजा नको म्हणून तर आपण ही घटना केली, याची त्याने लोकांना आठवण दिली.

या अटींपैकी शेवटची आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. सार्वजनिक सदसद्विवेक याचा अर्थ त्यांनी फार सोपा केला होता. अन्याय ज्याच्यावर होतो तो ओरडणारच. त्यात विशेष नाही. ज्याच्यावर तो होत नाही तो त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो की नाही, हा प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांसाठी मायकेल स्कॉट हा गोरा धर्मोपदेशक झगडतो, मग आपल्याकडे अस्पृश्यांसाठी झगडणारे स्पृश्य किती, असे त्यांनी विचारले. महाडला चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे होते, फत्तेखान होते. थोडे होते, पण होते. लोकशाहीचा पाया किती रुंद आहे हे अशा माणसांच्या संख्येवरून मोजावे लागते.

पुढील इतिहास काय सांगतो? अस्पृश्यता १९५० साली घटनेच्या सतराव्या कलमाने नष्ट झाली. तरी १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा वेगळा कायदा करावा लागला. तोही पुरेना म्हणून १९८९ साली अत्याचार प्रतिबंधाचा कायदा झाला, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातील झरे व जलाशय यांचे पाणी घाण करणे हा गुन्हा म्हणून नमूद करावा लागला. बोले यांच्या ठरावानंतर सहासष्ट वर्षांनी कायद्याच्या भाषेत पाणी पुन्हा आलेच. ज्याला वाटते की हे जुने झाले, त्याने या कायद्यांच्या तारखा ओळीने मांडून पाहाव्यात. प्रत्येक नवा कायदा म्हणजे आधीच्या कायद्याला समाजाने दिलेल्या नकाराची नोंद आहे.

तथापि यावरून निराश होण्याचे कारण नाही. नकाराची नोंद होते, म्हणजे दाद मागणारा अजून मागतो आहे. त्याचा धीर सुटलेला नाही. लोकशाही कोठे संपते, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही म्हणू, दाद मागणे ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी. तोवर मुदत चालू आहे, आणि फेड करण्यास अवसर आहे.

ही फेड दिल्लीत व्हावयाची नाही. घर भाड्याने देताना आपण आडनाव विचारून मग जागा रिकामी नाही म्हणतो की काय. गावच्या पाणीयोजनेचा नळ कोणत्या वस्तीत शेवटी पोचतो. सफाईचे काम करणाऱ्यास आपण कोणत्या भांड्यातून पाणी देतो. सोसायटीच्या सभेत कोण बोलतो आणि कोण दाराशी उभा राहतो. या साध्या जागी ती व्हावयाची आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण त्यांच्या प्रतिमेस हार घालतो, आणि तो घालावाच. परंतु थोर माणसाच्या चरणी आपली जबाबदारी ठेवून मोकळे होऊ नका, असे बजावणाराच तो पुरुष होता. महाडला तळ्याच्या काठाने फिरून पाण्याला न शिवता जी माणसे परत गेली, त्यांची नावे इतिहासात आलेली नाहीत. त्यांनी दिलेला धीर आपण उसना घेतला आहे, एवढे लक्षात राहिले तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.